घर सोडावे की राहावे?

"नागरिकांनी घरातच थांबावे, अफवांवर विश्वास ठेवू नये, परिस्थिती नियंत्रणाखाली आहे." दंगल पेटलेल्या शहरात शासनाचे पहिले निवेदन बहुधा या तीन वाक्यांचे असते. यांपैकी तिसरे वाक्य खरे असते तर पहिली दोन उच्चारण्याची वेळ आली नसती. या आवाहनामागे काही गृहीते आहेत. घर ही सुरक्षित जागा आहे, घरात चार दिवसांचा शिधा आहे, आणि जमाव व घराचे दार यांच्यामध्ये शासन उभे आहे, असे त्यात धरून चाललेले असते. ज्या कुटुंबाच्या बाबतीत हे सारे खरे आहे, ते कोणी न सांगताही घरातच थांबते. ज्याच्या बाबतीत ते खोटे आहे, त्याला मात्र रात्रीच्या एखाद्या प्रहरी, पोरेबाळे भेदरून जागी असताना, काही मिनिटांत ठरवावे लागते : येथेच राहावे की निघून जावे?

राजकीय चर्चेत या प्रश्नाला स्थान नाही. दंगल शमल्यावर मृतांची मोजदाद होते, आयोग नेमले जातात, विधिमंडळात खडाजंगी होते. परंतु निर्णय घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्या रात्री कोणते पर्याय होते आणि प्रत्येक पर्यायाची किंमत काय होती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. उलट, मारल्या गेलेल्यांबद्दल "ते वेळीच का निघाले नाहीत?" असे विचारले जाते, आणि जे निघाले त्यांच्याबद्दल "घरदार टाकून पळाले" असे म्हटले जाते. सुरक्षित अंतरावरून केलेल्या या दोन्ही शेऱ्यांत सारखेच अज्ञान आहे.

घरात थांबण्याचाच विचार आधी करू. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहतात. नळ गल्लीच्या तोंडाशी आहे, संडास त्याच्याही पलीकडे आहे. अशा घरात 'थांबणे' ही क्रियाच संभवत नाही. पाण्यासाठी बाहेर पडणे हा संचारबंदीचा भंग ठरतो. रोज आणून रोज खाणाऱ्याच्या डब्यात उद्याचे पीठ नसते. यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, माग थांबला की मजुरी थांबते. संचारबंदी दोन तास शिथिल होते तेव्हा दुकानात माल नसतो, असला तर भाव चढलेला असतो, आणि उधारी देणारा वाणी दुसऱ्या धर्माचा असला तर त्याच्या दारात जाण्याचे धैर्य होत नाही. पगारी नोकरदाराला संचारबंदी ही सक्तीची रजा वाटते. हातावर पोट असलेल्याला ती पहिल्या दिवसापासून उपासमार असते. म्हणजे जमाव दाराशी येण्यापूर्वीच घरात राहण्याची किंमत चुकती होऊ लागलेली असते.

आणि जमाव आलाच तर? मुंबईत जोगेश्वरीच्या गांधीनगरात राधाबाई चाळीत ७ व ८ जानेवारी १९९३ च्या दरम्यानच्या रात्री घरांना बाहेरून कड्या घालून आग लावण्यात आली. एक पुरुष व पाच स्त्रिया होरपळून मेल्या, त्यांत एक अपंग मुलगी होती. ही माणसे घरातच होती. शासन ज्याचा उपदेश करते तेच त्यांनी केले होते. या सहा हिंदूंच्या मृत्यूचे भांडवल करून पुढील दिवसांत शहरभर मुसलमानांची घरे जाळली गेली, आणि तेथेही अनेक जण घरातच होते. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील ९०० मृत्यूंची नोंद केली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. ३५६ मृत्यू एकट्या पोलीस गोळीबाराने झाले, सुरामारीतील मृत्यूंहूनही अधिक. दार आणि जमाव यांच्यामध्ये शासन उभे आहे हे गृहीत तपासून पाहायचे झाल्यास हा एकच आकडा पुरेसा आहे.

दिल्लीचे उदाहरण याहून भेदक आहे. १ नोव्हेंबर १९८४ रोजी त्रिलोकपुरीत शीख पुरुष स्वसंरक्षणासाठी गुरुद्वाऱ्यापाशी जमले होते. पोलिसांनी त्यांना पांगवून घरी जायला लावले, आणि नंतर जमावाने घरोघर जाऊन त्यांना बाहेर ओढले, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. एकत्र असताना ज्यांच्या अंगावर जाण्यास जमाव कचरत होता, ते आपापल्या घरी एकेकटे सापडले. त्या तीन-चार दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ जण मारले गेल्याचे सरकारी समितीनेच मान्य केले आहे. 'घरी जा' हा आदेश कोण देतो, आणि तो दिल्यानंतर स्वतः कोठे उभा राहतो, हे पाहिल्यावाचून त्या आदेशाचे मोल ठरत नाही.

मग एकत्र जमणे हा उपाय मानावा काय? अहमदाबादच्या चमनपुऱ्यातील गुलबर्ग सोसायटीत २८ फेब्रुवारी २००२ रोजी आसपासचे लोक माजी खासदार एहसान जाफरी यांच्या घरी जमले. घर पक्के होते, भोवती कुंपण होते, आणि ज्याच्या दूरध्वनीची वरिष्ठ दखल घेतील असा तो माणूस होता. १९६९ च्या दंगलीत घर गमावूनही जाफरी त्याच भागात परतून राहिले होते. त्यांच्या परतण्याने शेजाऱ्यांना जो भरवसा दिला होता, तोच त्या दिवशी त्यांना त्यांच्या दाराशी घेऊन आला. त्या आवारात ६९ माणसे मारली गेली. भिवंडीतही १९८४ च्या मे महिन्यात अन्सारी बागेत आश्रयाला जमलेली माणसे अशीच मारली गेली होती.

यावरून राहणे चूक आणि जाणे बरोबर, असा निष्कर्ष काढता येणार नाही. वाटेत, रिक्षातून उतरवून, रेल्वेच्या फलाटावर मारले गेलेलेही थोडे नाहीत. ज्या समाजात पोलीस दल पक्षपाती झाले आहे किंवा वरच्या आदेशाची वाट पाहत स्वस्थ बसले आहे, तेथे कुटुंबाचा निर्णय शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा हे नंतरच्या घटना ठरवतात. त्या निर्णयाला निर्णय म्हणणेही कठीण आहे. डोळे बांधून एका दारातून जावयाचे, एवढेच त्यात असते. तथापि डोळे बांधलेल्या अवस्थेतही सर्वांपुढे सारखीच दारे नसतात, आणि समाजवाद्यांच्या चिंतनाचा विषय येथून सुरू होतो.

कोण आधी निघतो? ज्याचा भाऊ दुसऱ्या उपनगरात प्रशस्त घरात राहतो, ज्याच्या खिशात चार तिकिटांचे पैसे आहेत, ज्याला मालक आठवडाभर गैरहजर राहू देतो, तो. मुंबईच्या कामगाराचा विमा त्याचे गाव हाच होता. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले तेव्हा त्यांतील कित्येकांनी कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांचा आधार घेऊन महिने काढले. जानेवारी १९९३ मध्येही मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहत होत्या, जादा गाड्या सोडाव्या लागल्या. परंतु ज्याला गाव उरलेलेच नाही, किंवा ज्याचे गाव हजार-दीड हजार किलोमीटरवर आहे आणि तेथेही खायला काही नाही म्हणूनच जो शहरात आला, तो निघत नाही. शेवटी मागे राहतात ते सर्वांत गरीब, म्हातारे, आजारी, बाळंतीण बायका आणि त्यांना सोडून जाऊ न शकणारे.

त्यातही एक गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. बँक बुडणार अशी अफवा उठली की धडधाकट बँकेवरही ठेवीदारांची रांग लागते, आणि त्या रांगेमुळेच बँक बुडते. गल्लीचे तसेच आहे. दहा घरांपैकी दोन घरांना कुलपे लागली की उरलेली आठ घरे कालच्यापेक्षा कमी सुरक्षित होतात. मग तिसरे निघते, चौथे निघते. प्रत्येकाचा विचार आपापल्यापुरता बिनचूक असतो आणि सर्वांचा मिळून परिणाम असा होतो की मिश्र वस्ती एका आठवड्यात एकधर्मी होऊन जाते. ज्यांना वस्ती रिकामी करून हवी असते त्यांना सर्व घरे जाळावी लागत नाहीत. दोन जाळली की पुरते.

आणि रिकामी वस्ती कोणाला हवी असते? कुलूप लावून गेलेल्याचे घर ही शहरातील सर्वांत स्वस्त जागा असते. झोपडीची नोंद एका कागदावर, तो कागद ट्रंकेत, आणि ट्रंक जळून गेलेली. पागडीच्या खोलीची भाडेपावती वडिलांच्या नावावर. मालकाला जुना भाडेकरू जायलाच हवा असतो. बिल्डरला जमीन हवी असते. निघून गेलेला महिन्याभराने येतो तेव्हा कुलूप बदललेले असते, अथवा कोणी मध्यस्थ 'रीतसर' कागद करण्यासाठी निम्म्याहून कमी किंमत घेऊन त्याच्या पाहुण्याच्या घरी पोहोचतो. मुंबईतील दंगलीनंतर मुंब्र्यासारख्या ठिकाणी जी दाट वस्ती वाढली, तिच्यामागे अशा असंख्य मुकाट सौद्यांचा वाटा आहे. गुजरातेत या भयापोटी होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी १९८६ साली, आणि पुढे १९९१ साली, अशांत क्षेत्रातील स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे बंधन घालणारा कायदा झाला. हेतू योग्य होता. प्रत्यक्षात मात्र तो मुसलमानाला हिंदू वस्तीत घर घेऊ न देण्याचे हत्यार झाला. कायद्याने विक्री अडवली, परतण्याची हमी कोणी दिलीच नाही.

परतू न देण्याची हमी मात्र दिली गेली आहे, आणि तीही सरकारकडून. २०१३ च्या सप्टेंबरात मुझफ्फरनगर व शामलीच्या खेड्यांतून सुमारे पन्नास हजार माणसे परागंदा झाली. उत्तर प्रदेश सरकारने नऊ गावांतील कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये देऊ केले. अट अशी की त्यांनी आपल्या गावी परत जाणार नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे. जे काम जमावाने अर्धवट सोडले होते ते मुद्रांकाच्या कागदावर पुरे झाले. हे सरकार 'समाजवादी' हे नाव धारण करणाऱ्या पक्षाचे होते, हे या पानावर लिहिताना लाज वाटली तरी लिहिलेच पाहिजे. निर्वासिताला रोख रक्कम देणे हे पुनर्वसन आणि त्याचा घरावरचा हक्क शाबूत ठेवणे ही कटकट, असे मानणारी दृष्टी उजव्या पक्षांपुरती मर्यादित नाही.

मणिपुरात तर मे २०२३ पासून जे घडले त्यात निवड करण्याचाही अवसर नव्हता. अडीचशेहून अधिक माणसे मेली, सुमारे साठ हजार विस्थापित झाली. खोऱ्यातील कुकी डोंगरांकडे आणि डोंगरांतील मैतेई खोऱ्याकडे लोटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तिघी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. त्यांपैकी एक मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. शालिनी फणसळकर-जोशी होत्या. या समितीने प्रारंभीच हाती घेतलेल्या प्रश्नांत हरवलेल्या ओळखपत्रांचा प्रश्न होता. हे कोणाला किरकोळ वाटेल. परंतु कागदावाचून शिधा नाही, भरपाई नाही, शाळेत नाव नाही आणि 'हे घर माझे' असे म्हणण्याचा आधारही नाही. घरातून बाहेर पडताना बाई दागिन्यांच्या डब्याआधी कागदांची पिशवी शोधते, ती उगाच नव्हे.

याच्या उलट घडल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने भिवंडी पेटली, न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये ती पुन्हा पेटली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना मात्र भिवंडी शांत राहिली. १९८८ पासून तेथील तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत दोन्ही धर्मांचे रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस नियमाने एकत्र बसत. नळाची भांडणे, मुलांची मारामारी, वरातीचा रस्ता असल्या क्षुल्लक बाबींवर बोलणे होई. चार वर्षे क्षुल्लक बाबींवर बोललेली माणसे संकटाच्या रात्री एकमेकांना नावाने हाक मारू शकली. 'मशीद पाडली', 'मिरवणूक येते आहे' या बातम्या खऱ्या की खोट्या, हे विचारायला प्रत्येक गल्लीत कोणीतरी ओळखीचे होते. राहावे की जावे, हा प्रश्न त्यामुळे हजारो कुटुंबांपुढे उभाच राहिला नाही. मुंबईतही १९९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशा समित्यांचे काम सुरू झाले. एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. अशी व्यवस्था एखाद्या अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभी असेल तर त्याच्या बदलीबरोबर ती ढासळण्याचा संभव असतो. राजकीय पक्षांच्या शाखांनी ते काम आपले मानले असते तर ते बदलीच्या आदेशापलीकडे टिकले असते.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. तणावाच्या काळात आपला कार्यकर्ता मिश्र वस्तीत जातो आणि तेथील अल्पसंख्य कुटुंबांना सांगतो, "जाऊ नका. तुम्ही गेलात तर त्यांचे फावेल, वस्ती तुटेल." वर दिलेला बँकेचा दाखला पाहता त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. परंतु त्या रात्री तो कार्यकर्ता कोठे झोपतो? त्याचे घर बहुसंख्यांच्या वस्तीत असेल आणि दहाच्या ठोक्याला तो तेथे परतणार असेल, तर "जाऊ नका" असे सांगण्याचा नैतिक अधिकार त्याला उरत नाही. त्रिलोकपुरीत "घरी जा" म्हणून निघून गेलेल्या पोलिसांत आणि त्याच्यात हेतूचा फरक आहे, त्या कुटुंबाच्या दृष्टीने परिणामाचा नाही. ऐक्य हे मूल्य आहे, त्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची मुभा प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या मुलांचा जीव त्यासाठी पणाला लावण्याची मुभा कोणत्याही विचारसरणीने कोणाला दिलेली नाही. 'राहा' म्हणणाऱ्याने अंथरूण घेऊन तेथे जावे, आणि एकट्याने नव्हे, त्याच गल्लीतील बहुसंख्य समाजाची चार माणसे बरोबर घेऊन जावे. ते जमत नसेल तर निघणाऱ्याच्या पोरांना कडेवर घेऊन त्याला सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे आणि मागे राहिलेल्या कुलपाची जबाबदारी पत्करावी.

या जबाबदारीत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला भाषणे लागत नाहीत. गल्लीतील कोणत्या घरी चालता न येणारे म्हातारे आहे, कोणाकडे हातगाडी वा टेंपो आहे, कोणाची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, याची नोंद शांततेच्या दिवसांत शाखेकडे असली पाहिजे. कागदांच्या नकला दुसऱ्या मोहल्ल्यातील विश्वासू माणसाकडे असल्या पाहिजेत. निघून गेलेल्यांच्या घरांचा पंचनामा आठवड्याच्या आत व्हावा आणि तो होईपर्यंत शेजाऱ्यांची गस्त असावी. शासनाकडे करावयाच्या मागण्याही याच सूत्राच्या आहेत. दंगलीनंतर ठरावीक काळात झालेली घराची विक्री वा ताबाबदल मूळ रहिवाशाच्या अर्जावर रद्द करता यावा. भरपाई घेण्यासाठी परतण्याचा हक्क सोडण्याची अट कोणत्याही सरकारला घालता येऊ नये. संचारबंदीच्या दिवसांची किमान मजुरी शासनाने द्यावी आणि तिच्या काळात शिधा दारापर्यंत पोहोचवावा. ज्या शासनाला माणसांना घरात कोंडण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर त्यांना तेथे जगवण्याचे बंधनही आहे. खर्चाचे कारण येथे पुढे करता येणार नाही. एका दंगलीत यंत्रमाग, दुकाने आणि श्रमाचे दिवस मिळून जे नष्ट होते, त्यापुढे ही रक्कम नगण्य ठरेल.

नोंदी नसल्या म्हणजे काय होते हे ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसते. मुंबईच्या त्या दोन महिन्यांत १६८ माणसे बेपत्ता झाली. राज्य सरकारने ६० जणांच्या वारसांना भरपाई दिली. उरलेल्या १०८ जणांच्या बाबतीत, कुटुंबाचा पत्ता लागला नाही किंवा वारसांकडून कागदपत्रे पुरी झाली नाहीत, असे सांगण्यात आले. न्यायालयाने दोन लाख रुपये ९ टक्के व्याजासह देण्याचा आदेश दिला, आणि या कुटुंबांचा शोध घेतला जातो की नाही यावर देखरेख ठेवण्यासाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दंगलीला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. ज्या खोल्यांच्या दारांवर ही नावे लिहिलेली असत, त्यांत दुसरी कुटुंबे राहत होती किंवा त्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. ते जुने रहिवासी कोणत्या गाडीने, कोणत्या गावी गेले, हे त्या वेळच्या शेजाऱ्यांपैकी कोणाला ना कोणाला ठाऊक असणार. ते विचारायला त्यांच्या दारात कोण गेले होते?